परदेशात भाड्याची स्कूटी: चावी हातात घेण्याआधी हे ऐका

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं, किंवा ज्यांचा हेडफोन भाऊ-बहीण घेऊन गेले, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी उतारा. बोलताना दोनदा आलेलं इथे एकदाच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आला. अमरावती-अकोल्याचे पोट्टे-पोट्टी आता थायलंड, बाली, व्हिएतनामचे प्लॅन करून राहिले, आणि प्रश्न एकच येतो: "भाऊ, तिकडे स्कूटी भाड्यानं भेटते का? अन् लायसन लागते का?"

उत्तर दोन शब्दांत: भेटते, आणि लागते. पण स्कूटी भेटणं आणि ती चालवायचा हक्क तुमच्याकडे असणं, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. आजचा सगळा भाग याच फरकावर आहे. कारण हा फरक दुकानात कळत नाही, रस्त्यावरही बऱ्याचदा कळत नाही. तो कळतो दवाखान्यात.

दुकानदारानं दिली म्हणजे कायद्यानं दिली असं नाही

आधी आपल्या ओळखीच्या जागेपासून सुरू करू. गोव्याला गेलात की भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट काळी असते आणि तिच्यावर पिवळी अक्षरं असतात. याचा अर्थ ती गाडी स्वतः चालवायला भाड्यानं देण्यासाठी नोंदवलेली आहे. आपल्याकडे त्यासाठी केंद्राची 1997 ची 'रेंट अ मोटरसायकल' योजना आहे. पण गोव्यात कुणीतरी पांढऱ्या प्लेटची, म्हणजे घरची खासगी गाडी शंभर रुपये कमी करून देतोच. गाडी सारखीच पळते. फक्त पोलिसांनी थांबवलं किंवा अपघात झाला की ते शंभर रुपये लय महाग पडतात.

परदेशात हाच खेळ मोठ्या पैशांचा होतो. फुकेत असो की बाली, बरेच दुकानदार लायसन विचारतही नाहीत. पैसे दिले, चावी घेतली, निघाले. काहून? कारण लायसन तपासून त्याला काही मिळत नाही. तुम्ही पडलात तर त्याचं नुकसान तो तुमच्या डिपॉझिटमधून काढतो. तुमचं नुकसान तुमच्याकडेच राहतं.

समजा, अकोल्याचे चार मित्र फुकेतला गेले. दोन स्कूट्या घेतल्या. एकाकडे फक्त कारचं लायसन आहे, पण घरी तो आठवीपासून बाबांची अ‍ॅक्टिव्हा चालवतो. तिसऱ्या दिवशी वळणावर वाळूवरून चाक घसरलं आणि पायाचं हाड मोडलं. ऑपरेशन लागणार. खासगी दवाखाना आधी विम्याची हमी किंवा पैसे मागतो. पोट्टा निवांत आहे, कारण त्यानं प्रवास विमा काढलाय. विमा कंपनीचा पहिला प्रश्न येतो: "दुचाकीचं वैध लायसन आणि परमिट पाठवा." ते नाही, म्हणून क्लेम नाही. मग रात्री अकोल्याला फोन जातो, आणि बाबा सकाळी सोसायटीत, नातेवाइकांकडे, कापसाच्या व्यापाऱ्याकडे पैशांची जुळवाजुळव करायला निघतात.

या गोष्टीत तो बेफाम चालवत होता असं मी म्हटलंच नाही. तो नीट चालवत होता. चूक अमरावती किंवा अकोल्यात, विमानात बसण्याआधी झाली होती.

आयडीपी: हजार रुपयांचा कागद

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी. हे वेगळं लायसन नाही. तुमच्या भारतीय लायसनचा हा जगाला वाचता येईल असा परवाना आहे. ते आपल्याच आरटीओतून मिळतं: एमएच-27 वाल्यांना अमरावतीत, एमएच-30 वाल्यांना अकोल्यात, तसंच बुलढाणा, वाशिम, यवतमाळवाल्यांना आपापल्या कार्यालयातून. अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर भरायचा. फॉर्म 4-ए, फी 1,000 रुपये. मुदत एक वर्ष, पण मूळ लायसन त्याआधी संपत असेल तर परमिटही त्याच दिवशी संपतं. अर्जासोबत मेडिकल सर्टिफिकेट आणि व्हिसा जोडायची अट केंद्रानं 2021 च्या जानेवारीत काढून टाकली. पासपोर्ट आणि चालू लायसन मात्र लागतंच.

आता तीन गोष्टी नीट लक्षात ठेवा.

पहिली: परमिटमध्ये वाहनांचे गट असतात. 'ए' म्हणजे मोटरसायकल, 'बी' म्हणजे कार. तुमच्या लायसनवर फक्त कार असेल तर शिक्का 'बी'वरच पडेल, आणि त्या परमिटवर स्कूटी चालवणं म्हणजे विनापरवाना चालवणं. त्यामुळे आधी लायसनवर दुचाकी चढवून घ्या. त्याला लर्निंग, मग चाचणी, असा वेळ जातो. तिकीट काढलं त्याच आठवड्यात सुरुवात करा.

दुसरी: मोबाइलमधलं लायसन. इथे डिजिलॉकर दाखवलं की आपला वाहतूक पोलिस मानतो. परदेशात ते चालेल हे धरून जाऊ नका. मूळ कार्ड आणि आयडीपीची छापील पुस्तिका, दोन्ही सोबत पाहिजेत. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही.

तिसरी: "घरबसल्या इंटरनॅशनल लायसन, दहा मिनिटांत पीडीएफ" अशा जाहिराती दिसतील. त्यातून फार तर तुमच्या लायसनचं भाषांतर मिळतं. सरकारी परमिट नाही. बोर्डिंग पासवर स्वतःच्या हातानं बिझनेस क्लास लिहिण्यासारखं आहे ते.

देशानुसार नियम बदलतो

भारताचं आयडीपी 1949 च्या जिनिव्हा करारानुसार दिलं जातं. नंतर 1968 मध्ये व्हिएन्ना करार झाला, आणि काही देश फक्त त्याच करारातलं परमिट मानतात. हे वाचायला कंटाळवाणं आहे, पण सगळा क्लेम यावर अडू शकतो.

थायलंड: 'ए' शिक्क्याचं भारतीय आयडीपी चालतं. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून. हेल्मेट नसेल तर 2,000 बाथपर्यंत दंड होऊ शकतो. आणि एक आकडा: जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार थायलंडच्या रस्त्यांवर मरणाऱ्या दर चारांपैकी जवळपास तीन जण दुचाकी-तीनचाकीवरचे होते. रस्ते गुळगुळीत आहेत म्हणून ते सुरक्षित आहेत असं नाही.

इंडोनेशिया, म्हणजे बाली: इथेही वाहतूक डावीकडून. दुचाकीचा शिक्का असलेलं आयडीपी आणि मूळ लायसन सोबत पाहिजे. पर्यटक उघड्या अंगानं, हेल्मेटशिवाय, लायसनशिवाय गाड्या फिरवतात म्हणून मार्च 2023 मध्ये बालीचे तेव्हाचे गव्हर्नर वायन कोस्टर यांनी पर्यटकांना मोटरसायकल भाड्यानं देणंच बंद करायचा प्रस्ताव मांडला होता. "सगळेच फिरवतात" हे तिथल्या पोलिसांना सांगायचं उत्तर नाही.

व्हिएतनाम: लय जण इथेच फसतात. व्हिएतनाम 1968 च्या करारातलं परमिट मानतो, आणि आपलं 1949 चं. म्हणजे हजार रुपये भरून, रांगेत उभं राहून काढलेलं परमिटही 110-125 सीसीच्या स्कूटीसाठी तिथे कामाचं नाही. 50 सीसीपर्यंतच्या छोट्या गाडीला तिथे लायसन लागत नाही, तो एक रस्ता आहे. दुसरा रस्ता म्हणजे चालक घ्या आणि मागे बसा. हाय वान घाट किंवा हा जियांगचे डोंगर मागे बसूनच जास्त दिसतात, फोटोही मोकळ्या हातानं निघतात. शिवाय 2020 पासून तिथे गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात दारूचा एक थेंबही चालत नाही, आणि 1 जानेवारी 2025 पासून वाहतुकीचे दंड बरेच वाढलेत.

श्रीलंका: वाहतूक डावीकडून, पण नुसतं आयडीपी पुरत नाही. त्याला तिथली स्थानिक मान्यता घ्यावी लागते. ती कुठे घ्यायची, हे निघण्याआधी बघून ठेवा.

बाकी कोणताही देश असो, प्रश्न हाच विचारा: "1949 च्या करारातलं भारतीय परमिट इथे दुचाकीसाठी चालतं का?" उत्तर दुकानदाराकडून घेऊ नका. त्या देशातल्या भारतीय दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा, नाहीतर त्यांना ईमेल करा.

विम्याची पॉलिसी: शेवटून वाचा

प्रवास विम्याची जाहिरात पुढून वाचतात, पॉलिसी मागून वाचायची असते. मागे 'एक्सक्लूजन' नावाचा भाग असतो, म्हणजे कंपनी कशाचे पैसे देणार नाही त्याची यादी. तिथे पाच गोष्टी शोधा:

1. दुचाकी चालवताना झालेली दुखापत धरली आहे का? काही पॉलिसी ती सरळ वगळतात, किंवा साहसी खेळांच्या जादा हप्त्यात टाकतात.
2. इंजिनाची मर्यादा आहे का? 125 सीसीपर्यंतच, असं लिहिलेलं असू शकतं. मग तिथे 155 सीसीची यामाहा एनमॅक्स घेतली की तुम्ही बाहेर.
3. त्या देशात वैध असलेलं लायसन लागेल असं लिहिलंय का? बहुतेक ठिकाणी असतंच.
4. हेल्मेट आणि दारूबद्दल काय लिहिलंय? दोन बिअर पिऊन चालवत असाल तर बाकी सगळे कागद बरोबर असूनही क्लेम जाऊ शकतो.
5. दुसऱ्याला लागलं तर त्याचा खर्च कोण देणार? दुकानदार "इन्शुरन्स आहे" म्हणतो तेव्हा त्याला विचारा: कोणाचा? गाडीचा, समोरच्याचा, की माझा? बहुतेक वेळा तो तुमचा नसतो.

समजलं नाही तर कंपनीला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं "हो सर, सगळं कव्हर आहे" नंतर कोणालाच आठवत नाही.

पासपोर्ट देऊ नका

दुकानदार म्हणेल, डिपॉझिट म्हणून पासपोर्ट ठेवा. नाही म्हणा. आपल्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, तो गहाण ठेवायची वस्तू नाही. आणि व्यवहारात बघा: गाडीला ओरखडा निघाला, त्यानं मनाला येईल ती रक्कम मागितली, परवा तुमचं विमान आहे आणि पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये. भाव कोण ठरवणार? पासपोर्टची झेरॉक्स आणि रोख डिपॉझिट घेणारं दुकान शोधा. दहा पावलांवर दुसरं दुकान असतंच.

गाडी घेताना मोबाइलवर एकच सलग व्हिडिओ काढा. नंबरप्लेट, चारही बाजू, आरसे, सीटखाली, टायर, किलोमीटरचा काटा, पेट्रोलचा काटा. दुकानदारही त्यात दिसू द्या. जुना ओरखडा असेल तर त्याच्यावर बोट ठेवून दाखवा. परत देताना पुन्हा तेच. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते केल्याचं दिसलं की वादाची हौस अर्धी तिथेच संपते.

मग गाडी तपासा. टायरची नक्षी गुळगुळीत झाली असेल तर दुसरी मागा. दोन्ही ब्रेक उभ्या गाडीवर दाबून बघा, लिव्हर मुठीला टेकता कामा नये. हेडलाइट, मागचा लाइट, इंडिकेटर, हॉर्न. गाडीची नोंदणी आणि सक्तीच्या विम्याचा कागद सीटखाली आहे का ते विचारा, आणि दुकानाचा नंबर सेव्ह करा.

"मले चालवता येते" याचा अर्थ

येते ना. पण काय चालवता येते, कुठे चालवता येते? आपला अमरावती-अकोला रस्ता घ्या. जून 2022 मध्ये लोणी ते माना दरम्यान 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला, तो हाच. मैदानी मुलखातला मोकळा रस्ता. यावर तयार झालेला हात बालीच्या अरुंद चढ-उतारांवर आणि उत्तर थायलंडच्या वळणांवर नवाच असतो.

गाडीही वेगळी असते. 110 सीसीच्या अ‍ॅक्टिव्हापेक्षा तिथल्या 155 सीसीच्या स्कूटीची ताकद जवळपास दुप्पट. मूठ तेवढीच पिळली तरी गाडी झेप घेते. आणि ब्रेक. आपल्याकडे एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांचा जोडब्रेक सक्तीचा आहे. डावी लिव्हर दाबली की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. भाड्याच्या गाडीला ती सोय असेलच असं नाही. तिथे डावी लिव्हर फक्त मागचं चाक अडवेल, आणि घाबरून ती जोरात दाबली की मागचं चाक घसरतं. दोन्ही ब्रेक सोबत, हळूहळू वाढवत दाबायची सवय करा.

वेगाचं गणित सोपं आहे. ताशी 60 ला गाडी एका सेकंदात साधारण 17 मीटर जाते, 40 ला 11 मीटर. समोर कुत्रं आलं हे डोक्यात शिरून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. आणि धडकेतली ऊर्जा 40 च्या तुलनेत 60 ला सव्वादोन पट असते. वाढला फक्त दीडपट वेग.

लांब उतारावर बिनगिअरच्या स्कूटीला इंजिन फारसं आवरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. ते तापले की पकड कमी होते. म्हणून उतारावर आधीपासूनच हळू राहा, आणि लिव्हर सैल वाटली तर थांबून ब्रेक थंड होऊ द्या. सराव करायचाय? जायच्या आधी एक रविवार परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढून-उतरून या. एकट्यानं, आणि मग मागे मित्राला बसवून. मागे माणूस बसला की ब्रेक आणि वळण दोन्ही बदलतात.

पहिला अर्धा तास गल्लीत, मोकळ्या जागेत चालवा. विमानतळावरून थेट हायवे नाही, आणि जागरणाच्या दिवशी तर गाडी घेऊच नका.

उजवीकडची वाहतूक

व्हिएतनाम, कंबोडिया, लाओस, फिलिपिन्स, आणि युरोपातला बहुतेक भाग. इथे रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायचं. गर्दीत चूक होत नाही, कारण आपण पुढच्या गाडीमागे जातो. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर: सकाळी हॉटेलमधून निघताना, पेट्रोलपंपावरून बाहेर पडताना, यू-टर्न घेताना. हात आपोआप डावीकडे ओढतो.

एक खूण सांगतो: रस्त्याची मधली रेघ कायम तुमच्या डाव्या हाताला राहिली पाहिजे. गोल चौक उलटा. राजकमल चौकात फिरायच्या सवयीनं वळू नका, आणि आत शिरताना आधी डावीकडे बघा. स्कूटीच्या आरशाला डाव्या बाजूनं एक रंगीत रबरबँड लावून ठेवा. दिसला की आठवतं.

हेल्मेट आणि कपडे

उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय आपण अकोल्यात घराबाहेर पडत नाही, आणि फुकेतला चड्डी-बनियानवर गाडी काढतो. ऊन टोचतं म्हणून जपतो, डांबर कधी टोचलेलं नसतं म्हणून नाही. डांबरावर घसरल्यावर कातडी सोलून निघते. पातळ फुलपँट, पूर्ण बाह्या आणि बूट यांनी खूप फरक पडतो. चप्पल नकोच. आणि गाडीवरून डाव्या बाजूनं उतरा. सायलेंसर उजवीकडे असतो, त्याचा चटका तिथेही तेवढाच बसतो.

हेल्मेटबद्दल एकच आकडा. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेनच्या 2008 च्या आढाव्यानुसार हेल्मेटमुळे दुचाकी अपघातात मरण्याचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो. पण हे घट्ट बसलेल्या हेल्मेटचं. दुकानातली टोपीवजा वाटी, सैल पट्टा, यात हे आकडे धरू नका. पट्टा लावा आणि मागून पुढे ढकलून बघा. निघून आलं तर दुसरं मागा. घरचं आयएसआयचं नेलंत तर उत्तम.

पडलोच तर?

आधी रस्त्याच्या कडेला व्हा. मग अँब्युलन्स. थायलंडमध्ये 1669, पर्यटक पोलिस 1155. व्हिएतनाममध्ये अँब्युलन्स 115, पोलिस 113. श्रीलंकेत 1990, आणि ही सेवा 2016 मध्ये भारताच्या मदतीनं सुरू झालेली आहे. नंबर आजच सेव्ह करा, तेव्हा नेट असेलच असं नाही.

नंतर विमा कंपनीचा चोवीस तासांचा नंबर, ऑपरेशनच्या आधी. मग पोलिस नोंद, कारण तिच्याशिवाय क्लेम अडतो. फोटो काढा, न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका, आणि पळून जाऊ नका. अडचण मोठी असेल तर भारतीय दूतावासाला फोन करा. बालीत आपला कॉन्सुलेट आहे. परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकता येते. संकटातल्या भारतीयांसाठी 2009 पासून समुदाय कल्याण निधीही आहे, पण तो अगदी गरजूंसाठी. त्याच्या भरवशावर विमा टाळू नका.

आणि घरी सांगा. पॉलिसीचा फोटो, परमिटचा फोटो, हॉटेलचा पत्ता निघण्याआधीच घरच्या एका माणसाकडे देऊन ठेवा. रात्री दोनला फोन आला तर आई-बाबांच्या हातात काहीतरी पाहिजे.

शेवटी

दुचाकीचा 'ए' शिक्का त्या देशात चालतो का? विम्यात दुचाकी आहे का? हेल्मेट घट्ट बसतं का? तिन्हींचं उत्तर "हो" असेल तर बिनधास्त घ्या गाडी. समुद्राच्या कडेनं स्कूटी चालवायची मजा वेगळीच, ती मी कमी करणार नाही. एकाचंही उत्तर "माहीत नाही" असेल तर ग्रॅब बोलवा, चालक ठेवा, मागे बसा. ट्रिप तेवढीच भारी होते.

आणि त्या चार जणांपैकी ज्याच्याकडे फक्त कारचं लायसन आहे, तो तुमच्या ग्रुपमध्येही एक असेल बाप्पा. त्याला हा भाग आजच पाठवा. आरटीओत जायला अजून वेळ आहे.

भेटू पुढच्या भागात. हळू चालवा!